टाकीच्या कपाटातलं कस्टर्ड

मानवजातीने आजवर जे जे म्हणून थोर निर्माण केलं, ते सगळं कधी ना कधी अंधारात, झाकण लावून, कोणाचाही हात न लागता मुरत पडलेलं होतं, असं नेव्हिल ऑर्मरॉडचं ठाम मत होतं. चीज घ्या, व्हिस्की घ्या, नाताळचं पुडिंग घ्या. घाई ही रानटीपणाची खूण, आणि थांबता येणं म्हणजेच संस्कृती. हा सिद्धान्त तो बर्नलीतल्या आपल्या घरी, जिना संपतो तिथल्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटासमोर उभा राहून मांडत असे, आणि ऐकायला बहुतेक वेळा टॉवेल असत. सिद्धान्ताचं वयही फार नव्हतं. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यापर्यंत नेव्हिल एका सिगारेटवर दुसरी पेटवत होता, आणि चहाची पिशवी कपात बुडते न बुडते तोच बाहेर काढत होता.

सिगारेट सुटली ती लोरेनमुळे. त्याच्या बायकोने एका शुक्रवारी त्याला घर आणि सिगारेट यांतून एक निवडायला सांगितलं. नेव्हिलने शनिवार-रविवार विचार केला आणि घर निवडलं. मग व्हेप आला, म्हणजे सिगारेटऐवजी सुगंधी वाफ ओढायचं छोटं यंत्र. दुकानातल्या व्हेपच्या बाटल्या त्याला वासाच्या खोडरबरासारख्या लागत, म्हणून तो घरीच मिश्रण करू लागला. आणि घरी मिश्रण करणारा माणूस आज ना उद्या मुरवण्याकडे वळतोच. ग्लिसरीन, कस्टर्डचा अर्क आणि निकोटिन एकत्र करून लगेच ओढलं, तर घशात साबण फिरल्यासारखं वाटतं. तीच बाटली उबेत आणि अंधारात ठेवली, रोज हलवली, मधूनमधून झाकण उघडून तिला श्वास घेऊ दिला, की काही आठवड्यांनी व्हॅनिला, अंडं आणि लोणी एकमेकांना ओळखू लागतात. टाकीच्या कपाटात ऊबही होती आणि अंधारही. लोरेनच्या चादरींना त्यामुळे कायम जेवणानंतरच्या गोडाचा वास येई. मधूनमधून ती वकिलाकडे जाण्याच्या गोष्टी करी, पण गंभीरपणे नाही.

इंटरनेटवर अशा मुरवणाऱ्यांचं एक मंडळच होतं. कोणाचं किती मुरलं, रंग कसा आला, यावर तिथे लोक एकमेकांशी इतक्या आपुलकीने बोलत की स्वतःच्या मुलांबद्दलही बोलत नसतील. सरकार कडक निकोटिनवर बंदी आणणार अशी कुणकुण लागली, तेव्हा या मंडळाने घाबरून साठा केला. नेव्हिलनेही केला. ते पातळ करून वापरायचं असतं. पातळ न करता वापरलं तर काय होतं, हे बाटलीवर कवटीचं चित्र काढून सांगितलेलं होतं. त्या बाटलीचं बूच तडकलं, म्हणून त्याने ते निकोटिन ग्लिसरीनच्या एका रिकाम्या बाटलीत ओतलं आणि फ्रीझरमध्ये मटारच्या पाकिटामागे ठेवलं. वर चिठ्ठी चिकटवली होती. ती ओलाव्याने गळून पडली. पण आत काय आहे हे नेव्हिलला ठाऊक होतं, आणि त्या घरात मटारच्या मागे हात घालणारा तोच एक होता.

त्याचा पेशा बघता हे जरा विचित्रच. नेव्हिल वाहनचालक परीक्षक होता. थरथरत्या माणसांच्या शेजारी बसायचं, चेहऱ्यावरची रेघही हलू द्यायची नाही, आणि त्यांच्या चुका किरकोळ, गंभीर आणि धोकादायक अशा तीन जातींत टाकायच्या, यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. बर्नलीतले निम्मे लोक त्याला दुकानात बघून अजूनही आरशात मागे पाहून घेत.

राहिला डेस. डेझमंड क्लेग, लोरेनचा थोरला भाऊ. वसंतात त्याला हृदयाचा झटका आला, स्टेंट बसवला, आणि डॉक्टरांनी सिगारेट बंद म्हणून सांगितलं. नेव्हिलने मोठ्या मनाने त्याला एक यंत्र घेऊन दिलं आणि आपल्या कस्टर्डची एक बाटली दिली. पुढच्या रविवारच्या जेवणात डेसने भाजलेल्या बटाट्यांवरून हात फिरवत जाहीर केलं, "नेव्ह, ते तुझं कस्टर्ड. ओला पुठ्ठा चाटल्यासारखं लागतं बघ."

टेबल हसलं. लोरेनची मावशी तर जरा जास्तच हसली.

"मुरलं नव्हतं ते," नेव्हिल म्हणाला. "पुढची बाटली अशी देतो, की पुन्हा म्हणून तोंड उघडणार नाहीस."

हे वाक्य सर्वांनी ऐकलं. त्या वेळी ते विनोदी वाटलं होतं.

दोन आठवडे उलटले असतील नसतील. त्या शनिवारी सकाळी नेव्हिल बाटली हलवायला टाकीच्या कपाटाशी गेला. नवं मिश्रण त्याने मागच्याच आठवड्यात केलं होतं, आणि त्यातलं अर्धं डेसला दिलंही होतं. "तुझ्या टाकीच्या कपाटात ठेव, महिनाभर बघूसुद्धा नकोस," असं बजावून. डेसने 'हो' म्हटलं होतं, म्हणजे डेस त्याच दिवशी ओढायला बसणार हे नक्की होतं. नेव्हिलने टॉवेलांमागून आपली बाटली काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

ती काळी पडली होती.

अगदी काळी नाही, पण चहा फार वेळ विसरला की होतो तशी. आठवड्यापूर्वी ती पाण्यासारखी होती. मुरताना रंग चढतो हे खरं, पण हळूहळू, महिनाभरात, फिकट मधापर्यंत. मंडळात नेव्हिल एक गोष्ट शिकला होता आणि ती तो इतरांनाही शिकवत असे: हवा लागली की काळं पडतं ते निकोटिन. जितकं निकोटिन जास्त, तितका रंग गडद.

नेव्हिल बाथटबच्या काठावर बसला.

त्याने ती दुपार आठवायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातलं टेबल. ग्लिसरीनची बाटली बाहेर. फ्रीझरमधली, ग्लिसरीनची नसलेली ग्लिसरीनची बाटली बाहेर. अर्क घातला, निकोटिनचे मोजके थेंब घातले. मग खिडक्या पुसणारा दारात आला. त्याच्याशी मागच्या खिडकीवरून थोडी बाचाबाची झाली. नेव्हिल परत येऊन बसला, आणि मोठी बाटली उचलून मिश्रण गळ्यापर्यंत भरलं.

कोणती मोठी बाटली?

त्याने डोळे मिटले. हात दिसत होता. हातातली बाटली दिसत होती. ती थंड होती का? थंड होती असं वाटलं की थंड वाटे, नव्हती असं वाटलं की नव्हे. घराला कुलूप लावलं का, हे रस्त्याच्या टोकाला पोचल्यावर आठवायचा प्रयत्न करावा, तसंच. फरक इतकाच की परत जाऊन कडी ओढून बघण्याची सोय इथे नव्हती.

तो खाली गेला. फ्रीझर उघडला. मटार बाजूला केले. बाटली जागेवर होती आणि साधारण अर्धी होती. आधी ती किती होती, हे जगात फक्त नेव्हिलला माहीत असायला हवं होतं, आणि त्याला ते माहीत नव्हतं.

मग त्याने नंतर कोणालाच न सांगितलेली एक गोष्ट केली. काळ्या मिश्रणाचे चार थेंब यंत्रात घातले आणि एक छोटा, भित्रा झुरका घेतला. छाती धडधडू लागली. हा पुरावा झाला. मग त्याच्या लक्षात आलं की छाती आधीपासूनच धडधडत होती, आणि धूर तर त्याने तोंडातूनच बाहेर सोडला होता. चव कशी होती, हे बघायचं राहून गेलं.

त्याने मंडळात प्रश्न टाकला: आठवड्यात एवढा काळा रंग, काय समजावं? पण मित्राचा प्रश्न म्हणून. मग डेसला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला. तिसऱ्यांदा वाजलाच नाही, सरळ रेकॉर्ड केलेली एक बाई निर्विकारपणे निरोप ठेवायला सांगू लागली. नेव्हिलने संदेश लिहायला घेतला: 'कस्टर्ड ओढू नकोस, विषारी आहे.' बोट पाठवायच्या खुणेवर गेलं आणि थांबलं. उद्या हा फोन कोणाच्या हातात असेल? पोलिसांच्या? त्याने 'विषारी' खोडलं आणि लिहिलं: 'कस्टर्ड अजून मुरलेलं नाही. थांब.' ते पाठवून झाल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली, पण पाठवलेलं परत घेता येत नव्हतं.

"कोणाला एवढे फोन चाललेत?" मागून लोरेन म्हणाली. ती हातात कपड्यांची टोपली घेऊन उभी होती.

"डेसला."

लोरेनने टोपली खाली ठेवली. लग्न झाल्यापासून नेव्हिलने डेसला आपणहून कधी फोन केला नव्हता. गाडी बंद पडली तेव्हाही नव्हता केला, आणि डेसचं गॅरेज होतं.

"का?"

"सहज."

"तू सहज काही करत नाहीस, नेव्ह. तू जांभईसुद्धा ठरवून देतोस."

"तब्येत विचारायला."

"मग उचलला का?"

"नाही."

तिच्या कपाळावर आठी आली. "माझाही उचलत नाहीये. परवापासून. मला वाटलं रुसलाय, मी त्याला रोज चालायला जा म्हणून बोलले त्यावरून." तिने टोपली पायाने बाजूला सारली. "चल. माझ्याकडे त्याची किल्ली आहे."

"मी एकटा जाऊन येतो की."

"माझा भाऊ आहे तो."

"किल्ली दे फक्त."

"नेव्ह," लोरेन कोट अंगात चढवत म्हणाली, "तू असा काय बोलतोयस?"

नेव्हिलने गाडीची किल्ली उचलली. त्याच्या डोक्यात तेव्हा एक विचार येऊन बसला होता आणि जागचा हलत नव्हता. आपण लोरेनच्या आधी आत गेलो पाहिजे. डेससाठी आधी, की बाटलीसाठी आधी, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. उत्तर त्याला नको होतं.

डेस टेकडीच्या पलीकडे, एकमेकाला चिकटून उभ्या असलेल्या दगडी घरांच्या एका ओळीत राहत असे. वाटेत लोरेन बोलत होती. घाबरली की ती बोलते. डेस लहानपणी कसा कोळशाच्या खोलीत लपून बसायचा आणि सगळे हाका मारून थकले की कसा बाहेर यायचा, हे ती सांगत होती. नेव्हिल ऐकत होता आणि ऐकत नव्हता. स्टेंट बसवलेल्या हृदयाला किती निकोटिन पुरतं? पोटात गेलं तर वेगळं, धुरात वेगळं. डेस झुरके कसे घेतो, हे त्याने पाहिलं होतं. गवत कापायच्या यंत्राने गवत घ्यावं तसे. मग चौकशी होईल. मावशीला विचारतील. मावशी अत्यंत बारकाईने सांगेल, तो काय म्हणाला, बटाटे कोणाकडे होते, आणि कोण हसलं. 'पुन्हा म्हणून तोंड उघडणार नाहीस.' शब्दशः. मावशीची स्मरणशक्ती चांगली होती, तिला दुसरा काही उद्योग नव्हता.

त्याला डेसच्या अंत्यविधीनंतरची लोरेन दिसली, काळ्या कोटात, चर्चच्या मागच्या खोलीत, हॅमच्या सँडविचचं ताट हातात घेऊन. ती ताट सगळ्यांपुढे धरत होती आणि त्याच्यापुढे आली की वळत होती.

"तू पिवळ्यावर गेलास," लोरेन म्हणाली.

"अं?"

"सिग्नल. पिवळा होता. तू गेलास."

"हो का."

पुढच्या वळणावर नेव्हिलने आरशात न बघता गाडी घातली आणि एका व्हॅनने भोंगा वाजवला. धोकादायक, त्याच्या डोक्यातला परीक्षक म्हणाला, इथेच परीक्षा थांबवावी. लोरेनने दाराची मूठ धरली होती. तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्या गाडीत ती आजवर अनेकदा कंटाळली होती, चिडली होती, एकदा रडलीही होती, पण घाबरली कधीच नव्हती.

"तुला काय माहितीये, नेव्ह?" तिने हळू विचारलं.

"पोचू आपण," तो म्हणाला.

डेसच्या दाराबाहेर त्याचं कचऱ्याचं बिन उभं होतं. कचरा गुरुवारीच नेला होता. सगळ्या ओळीत तेवढं एकच बिन अजून रस्त्यावर होतं, आणि या भागात असं बिन दिसलं की मालकाचं काही बरंवाईट झालं असं समजून लोक आवाज खाली आणतात. शेजारच्या मिसेस शटलवर्थ आपल्या पायरीवर उभ्या होत्या. बहुधा गुरुवारपासून.

"आलीस का गं लोरेन," त्या म्हणाल्या. "मी म्हणतच होते, कोणीतरी येईल."

"डेस दिसला का हो?"

"मी काही लोकांच्या घरांवर नजर ठेवणाऱ्यातली नाही. पण पडदे बंद आहेत. दिवा नाही. बुधवारी रात्री भिंतीतून खोकला ऐकू येत होता, फार खोकत होता बिचारा. आणि मग एकदम थांबला." त्यांनी नेव्हिलकडे पाहिलं. "बिन आत ओढणार होते मी. पण म्हटलं, दुसऱ्याच्या बिनला हात लावा आणि नंतर काही निघालं म्हणजे?"

"काय निघणार?" नेव्हिलने विचारलं. आवाज नको तितका मोठा आला.

"ते मी कोण सांगणार," मिसेस शटलवर्थ म्हणाल्या, आणि आणखी नीट दिसावं म्हणून एक पायरी खाली आल्या.

लोरेनला किल्ली कुलपात घालता येईना. कुलपाभोवती ती नुसतीच फिरत होती. नेव्हिलने ती घेतली, तर त्यालाही जमेना. शेवटी दार उघडलं, आणि आतून वास आला.

कस्टर्डचा. गोड, जाड, उबदार, अंड्याचा आणि व्हॅनिलाचा. नेव्हिल ज्या वासासाठी महिनोन् महिने धडपडला होता, नेमका तो. आयुष्यात त्याचं इतकं चांगलं कस्टर्ड कधी झालं नव्हतं, हे त्या क्षणीही त्याला कळलं. एवढा वास घरभर पसरायचा तर माणसाने ओढलं किती असेल?

"डेस?" लोरेनने हाक मारली.

घर गप्प होतं. बैठकीत अर्धा प्यायलेला चहा होता, वर साय धरलेली. खुर्चीच्या पाठीवर डेसचा स्वेटर. आणि शेकोटीच्या फळीवर, घड्याळाशेजारी, नेव्हिलची बाटली. तळाशी बोटभर काळा द्रव उरला होता.

लोरेन जिना चढू लागली होती. नेव्हिलने बाटली उचलली आणि कोटाच्या खिशात टाकली. हे त्याने इतक्या सफाईने केलं की त्याला स्वतःची भीती वाटली. खिशातली बाटली मांडीला लागत होती, आणि तो जिन्याच्या तळाशी उभा राहून वरची पावलं ऐकत होता. एका खोलीत. मग दुसऱ्या. मग पावलं थांबली. थांबलीच. वर पाण्याची नळी कुठेतरी खटखटली.

"नेव्ह," लोरेनचा आवाज आला. त्यात काहीच नव्हतं. "वर ये."

तो वर गेला. लोरेन बाथरूमच्या बंद दाराबाहेर उभी होती.

"अंथरूण गार आहे," ती म्हणाली. "खोल्यांत नाहीये. इथे आहे तो." तिने दारावर टकटक केली. "डेस. अरे डेस, मी आहे. लोरेन." मग कोळशाच्या खोलीबाहेर लहानपणी बहुधा म्हणाली असेल, तशा आवाजात ती म्हणाली, "ये ना रे बाहेर."

दाराखालच्या फटीतून कस्टर्डचा वास येत होता.

नेव्हिलने खिशातून बाटली काढली. तो ती लपवू शकत होता. नंतर अनेकदा त्याच्या मनात आलं, की आपण लपवू शकलो असतो.

"लोरेन, मला वाटतं मी चुकीची बाटली ओतली. ग्लिसरीनच्या जागी निकोटिन. नक्की माहीत नाही. सकाळी रंग बघितला तेव्हा कळलं. मी त्याला कळवलं, पण नीट कळवलं नाही. नीट लिहिलं होतं, मग खोडलं. पोलीस वाचतील म्हणून."

लोरेन त्याच्याकडे बघत राहिली. तिला समजायला वेळ लागत होता, आणि समजत गेलं तसा तिचा चेहरा लहान होत गेला.

"सकाळपासून तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू मला गाडीत कोळशाच्या खोलीची गोष्ट सांगू दिलीस."

नेव्हिलने बाटली जमिनीवर ठेवली.

"दार उघड," ती म्हणाली. "मी नाही उघडणार. तू उघड."

नेव्हिलने मूठ फिरवली. खांदा लावला. दाराला कडी लावलेली नव्हतीच, त्यामुळे तो सगळ्या वजनानिशी आत गेला, डोळे घट्ट मिटून, आणि बेसिनला जाऊन धडकला. डोळे उघडायला त्याला फार धीर करावा लागला. आधी टब. टब रिकामा होता. मग फरशी. फरशीवर चटई होती. खिडकी बोटभर उघडी होती, आणि तिच्या चौकटीवर एक बशी. बशीत सिगारेटची थोटकं.

खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर दुसरी बशी होती. तिच्यात कस्टर्डचा काळा द्रव मंदपणे तापत होता.

दोघं त्या दोन बशांकडे बघत उभे होते, तेवढ्यात खाली दार उघडलं. चाकाच्या बॅगेचा खडखडाट झाला. एक बाई हसली.

"बिन कोणी आत घेतलं नाही का माझं?" डेसचा आवाज आला. "आणि दार उघडं कसं?"

डेस जिन्यात आला. तांबूस झाला होता, समुद्रावरचा वारा लागलेला. त्याच्यामागे हिरव्या जाकिटातली एक बाई होती, हातात समुद्रकिनारी विकतात तसली साखरेची कांडी.

"तुम्ही माझ्या बाथरूममध्ये काय करताय?"

"तू कुठे होतास?" लोरेन म्हणाली.

"मोरकॅम्बला, समुद्रावर. ही जिलियन. हृदयाच्या व्यायामाच्या वर्गात भेटली."

"झडप," जिलियन आपल्या छातीकडे बोट दाखवून म्हणाली. "नमस्कार."

"फोन का नाही उचललास?"

"तू करतेस म्हणून. शेवटी बंदच करून टाकला," डेस प्रामाणिकपणे म्हणाला. मग त्याचं लक्ष खिडकीतल्या बशीकडे गेलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा तांबूस रंग जरा उतरला. "ते, ताई, मी सांगणारच होतो."

तो थोरला होता, पण अडचणीत सापडला की तिला ताई म्हणत असे.

"तू ओढतोयस."

"खिडकीतून. अगदीच क्वचित. वास राहायचा, आणि तू येऊन पडदे हुंगतेस. म्हणून नेव्हचं ते हे प्रत्येक रेडिएटरवर थोडं थोडं ओतून ठेवलं. वासाला बाकी एक नंबर आहे हं, नेव्ह. मिसेस शटलवर्थ विचारत होत्या, रोज केक करतोस का."

नेव्हिल टबच्या काठावर बसला. त्या दिवसात दुसऱ्यांदा. डेस जिवंत होता. डेस समोर उभा राहून कान खाजवत होता. एवढं पुरेसं असायला हवं होतं.

"म्हणजे तू ते ओढलंच नाहीस?" तो म्हणाला.

"ते? ओढू?" डेसला प्रश्नच कळला नाही.

नेव्हिलच्या खिशात फोन थरथरला. मंडळातला हल शहरचा एक जण, जो स्वतःला पुडिंगवाला म्हणवत असे, त्याने उत्तर दिलं होतं. 'व्हॅनिला आहे ना त्यात? मग काळं पडणारच, उबेत तर लवकर. निकोटिनचा काय संबंध. मित्राला सांग, घाबरू नको.' नेव्हिलने ते दोनदा वाचलं. मग लोरेनने फोन त्याच्या हातातून घेतला आणि तिनेही वाचलं.

"म्हणजे काही नव्हतं," तो म्हणाला.

"तुला नक्की माहीत आहे? कोणती बाटली ओतलीस ते?"

नेव्हिलने पुन्हा डोळे मिटले. हात दिसला. बाटली दिसली.

"नाही," तो म्हणाला.

लोरेनने दोघांपैकी कोणावरही आवाज चढवला नाही, आणि त्यामुळे दोघंही भिंतीला लागून उभे राहिले. तिने डेसकडून एक पिशवी मागितली. घरभर फिरून बशा गोळा केल्या. सहा निघाल्या, एक तर कुंडीखाली होती. त्यांतलं सगळं बाटलीत परत ओतलं आणि बाटली पिशवीत टाकली. डेसचं सिगारेटचं पाकीट जिलियनने हळूच तिच्या हातात आणून दिलं, ते तिने कोटात टाकलं. मग ती गाडीत जाऊन बसली, चालकाच्या जागेवर. नेव्हिल शेजारी बसला. घरी थांबून तिने टाकीचं कपाट रिकामं केलं आणि मटारामागची बाटलीही घेतली. कुठल्याच वळणावर ती चुकली नाही. तो तसं सांगणार होता, पण राहू दिलं.

पालिकेच्या कचराकेंद्रावर पिवळ्या जाकिटातल्या माणसाने पिशवीत डोकावून पाहिलं.

"काय आहे?"

"विषारी असू शकतं," नेव्हिल म्हणाला. "पूर्ण कल्पना नाही."

माणसाने एका बाटलीचं झाकण काढून वास घेतला आणि भिंतीवरचा तक्ता बघितला. तिथे तेल होतं, बॅटऱ्या होत्या, फ्रीज होते, गाद्या होत्या. मग त्याने कोपऱ्यातल्या जाळीच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवलं, जिथे लोकांनी भिंती रंगवून उरलेले डबे आणून टाकले होते. पालिकेच्या हिशेबात ते रंगात मोडत होतं.